थकवा बाईचा, आळस व्यवस्थेचा!

आपल्या वस्तीत थकलेल्या बाईचे निदान डॉक्टरच्या आधीच झालेले असते. सासू करते, नवरा करतो, मुकादम करतो, जिच्या घरी ती भांडी घासते ती बाईही करते. ‘अंग चोरते.’ ‘सुस्तावलीय.’ ‘बसून खाते म्हणून फुगलीय.’ ‘टेन्शन फार घेते.’ ‘कुणाची तरी नजर लागली.’ पाच तोंडे, पाच निदाने. आणि रक्ताचा एक थेंबही कुणी तपासलेला नसतो.

आमचे भांडण या निदानांशी आहे. कारण यातल्या काही बायकांच्या गळ्यातली, कंठमण्याच्या खाली असलेली फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी मंदावलेली असते. तिचे नाव थायरॉइड. ती कमी काम करू लागली की होणाऱ्या आजाराला हायपोथायरॉइडिझम म्हणतात. आपल्या बायका ‘मला थायरॉइड आहे’ असे म्हणतात, तेव्हा बहुतेक वेळा याच आजाराबद्दल बोलत असतात. हा आजार एका साध्या रक्ततपासणीत सापडतो आणि रोजच्या एका गोळीने आटोक्यात राहतो. तरीही बाई वर्षानुवर्षे ‘आळशी’ हे बिरूद वागवत जगते. असे का होते, हा आमचा प्रश्न आहे.

आधी आजार समजून घेऊ. थायरॉइड ग्रंथी थायरॉक्सिन नावाचे संप्रेरक तयार करते. शरीराने किती वेगाने काम करायचे, हे मुख्यतः त्यावर ठरते. चुलीची आच कमी झाली की वरचे सगळेच उशिरा शिजते, तसेच इथे घडते. हृदयाचे ठोके मंदावतात. आतडी मंदावतात म्हणून पोट साफ होत नाही. अंगातली ऊब कमी होते म्हणून इतरांना उकडत असताना हिला थंडी वाजते. खाणे न वाढता वजन वाढते. कातडी कोरडी पडते, केस गळतात, सकाळी चेहरा आणि पापण्या सुजलेल्या दिसतात, आवाज घोगरा होतो. पाय-पिंढऱ्या दुखतात, गोळे येतात. पाळीत रक्त जास्त जाते किंवा पाळीचे चक्रच बिघडते. दिवस राहत नाहीत किंवा राहिलेले टिकत नाहीत. विसरायला होते, मन उदास राहते, झोप झाली तरी झोप येते. ही सगळी लक्षणे एकाच बाईत दिसतीलच असे नाही. ती एका दिवसात येतही नाहीत. महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे हळूहळू चढत जातात, म्हणूनच घरच्यांना तो आजार न वाटता तिचा स्वभाव वाटतो.

आता तपासणीचे गणित. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाची छोटी ग्रंथी आहे. थायरॉइडकडून काम करून घेणे हे तिचे काम. त्यासाठी ती टीएसएच नावाचे संप्रेरक रक्तात सोडते. कामगार दमला की मुकादमाचा आवाज चढतो, तसे थायरॉइड मंदावली की टीएसएच चढते. म्हणून रिपोर्टमध्ये आकडा वाढलेला दिसला की ग्रंथीचे काम घटलेले असते. हे उलटे गणित समजले नाही की लोक रिपोर्ट पाहून म्हणतात, ‘थायरॉइड वाढलाय.’ बहुतेक प्रयोगशाळांत टीएसएचची सामान्य पातळी साधारण ०.४ ते ४ च्या आसपास धरली जाते. थोडाफार फरक असतो, तो रिपोर्टवरच छापलेला असतो.

आयोडीनयुक्त मीठ पोचलेल्या समाजात या आजाराचे सर्वांत मोठे कारण म्हणजे शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने थायरॉइडवर केलेला हल्ला. जपानी डॉक्टर हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ साली त्याचे वर्णन केले, म्हणून त्याला हाशिमोतोचा आजार म्हणतात. यात त्या बाईचा दोष कुठेच नाही. तिने जास्त खाल्ले म्हणून तो झाला नाही, कमी राबली म्हणून झाला नाही आणि कुणाच्या नजरेने तर मुळीच झाला नाही.

या आजारावरचा इलाजही कालपरवाचा नाही. इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे या डॉक्टरांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचून ४६ वर्षांच्या एका बाईवर उपचार केले. ती बाई पुढे २८ वर्षे जगली. ते साल होते १८९१. म्हणजे ज्या वर्षी बाबासाहेबांचा जन्म झाला, त्याच वर्षी या आजारावरचा इलाज जगाला सापडला. आपण बाबासाहेबांच्या जयंतीचे शतक साजरे केले, सव्वाशे वर्षे साजरी केली. तितक्याच वयाचा हा इलाज आपल्या वस्तीच्या शेवटच्या गल्लीत मात्र अजून पोचलेला नाही. ज्ञान असूनही ते आपल्यापर्यंत न येणे, याचा अर्थ आपल्या समाजाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

आता आकड्यांकडे येऊ. देशातल्या ८ शहरांत पाच हजारांहून अधिक प्रौढांची तपासणी करून केलेला एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात मुंबई होती, गोवा होता. सुमारे ११ टक्के लोकांना हा आजार आढळला. पुरुषांपेक्षा बायकांचे प्रमाण कितीतरी जास्त होते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, ज्यांना आजार होता त्यांतल्या जवळपास एक तृतीयांश लोकांना तो असल्याचे तपासणी होईपर्यंत माहीतच नव्हते. लक्षात घ्या, हे शहरांचे चित्र आहे. जिथे कोपऱ्याकोपऱ्यावर पॅथॉलॉजी लॅबच्या पाट्या आहेत, तिथे ही अवस्था. मग मराठवाड्यातल्या तांड्यावर, विदर्भातल्या पोडावर, उसाच्या फडावरच्या कोपीत काय अवस्था असेल?

काही जण विचारतील, आजाराला जात असते का? थायरॉइड जात पाहत नाही, हे खरे. पण थकव्याचा अर्थ लावणारा डोळा जात पाहतो. सुखवस्तू घरातली बाई थकली की तिला विचारले जाते, ‘बरं वाटत नाही का?’ झाडूवाली बाई थकली की तिला विचारले जाते, ‘काम करायचं नाही का?’ पहिल्या प्रश्नाचा शेवट दवाखान्यात होतो, दुसऱ्याचा शेवट पगार कापण्यात. वसतिगृहातली आपली एखादी मुलगी अभ्यासात मागे पडू लागते, वाचलेले विसरते, वर्गात पेंगते. दुसऱ्या कुणाबद्दल ‘तिची तब्येत दाखवा’ असे म्हटले गेले असते. हिच्याबद्दल मात्र उत्तर आधीच तयार असते: ‘कोट्यातून आलीय, झेपत नाही.’ विस्मरण आणि सुस्ती ही थायरॉइडची लक्षणे असू शकतात, हे तो टोमणा मारणाऱ्या शिक्षित माणसाला ठाऊक असते. पण जातीने त्याच्या हातात एक सोपे स्पष्टीकरण ठेवलेले असते आणि सोपे स्पष्टीकरण मिळाले की माणूस तपासणी सांगत नाही.

दुसरी एक अडचण अधिक नाजूक आहे. कष्टकरी बाईबद्दल ज्यांना खरीच कळकळ असते, ते म्हणतात, ‘दिवसाला चौदा तास राबते, थकणारच.’ वाक्य खरे आहे. शोषण खरे आहे. पण सहानुभूतीचे हे वाक्यसुद्धा तपासणीचा रस्ता अडवू शकते. राबून आलेला थकवा विश्रांतीने काही प्रमाणात तरी उतरतो. थायरॉइडचा थकवा झोपून उठल्यावरही तसाच असतो आणि त्याच्यासोबत थंडी, सूज, घोगरा आवाज, बद्धकोष्ठ, पाळीच्या तक्रारी येतात. शोषणाविरुद्ध लढायचे आहेच. पण शोषण हे प्रत्येक दुखण्याचे एकमेव कारण मानले, तर शोषित बाईला आजारी पडण्याचाही हक्क उरत नाही. तिला रजा हवी, मजुरी हवी आणि टीएसएचची तपासणीही हवी.

आमच्या ओळखीच्या एका ताईंचे उदाहरण देतो. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या. तीन वर्षांत वजन वाढले, आवाज पुरुषासारखा झाला, भर मे महिन्यात अंगावर चादर. पहिल्या दवाखान्यात ताकदीची सलाईन लावली. दुसऱ्याने बी-१२ ची इंजेक्शने दिली. तिसऱ्याने ‘कमी खा, चालत जा’ असा सल्ला दिला, तोही रोज सहा किलोमीटर चालून कामावर जाणाऱ्या बाईला. मधल्या काळात देवऋषी झाला, अंगारा झाला, दोन घरची कामे सुटली. शेवटी वस्तीत सर्वेक्षणाला आलेल्या आशाताईंनी तिचा आवाज ऐकून, सुजलेल्या पापण्या पाहून तिला रक्त तपासायला पाठवले. टीएसएच शंभराच्या वर होते. गोळी सुरू झाली आणि काही महिन्यांत ताईंचा आवाज परत आला. तीन वर्षांत सलाईन, इंजेक्शने आणि उताऱ्यांवर गेलेल्या पैशात या गोळ्या कितीतरी वर्षे पुरल्या असत्या. तिला तपासलेल्या तिघांपैकी एकानेही तिच्या गळ्याला हात लावला नव्हता. का लावला नाही, याचे उत्तर वैद्यकाच्या पुस्तकात सापडणार नाही.

याहून गंभीर प्रश्न पिशवीचा आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचे प्रकरण २०१९ साली गाजले. शासनाच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक बायकांपैकी १३ हजारांहून अधिक बायकांची पिशवी काढलेली आढळली. पाळीमुळे खाडा पडतो, खाड्याचा दंड बसतो, म्हणून बाई पिशवीच काढून टाकते, हे भीषण वास्तव त्या वेळी देशासमोर आले. या बायकांना थायरॉइड होता, असे आम्ही म्हणत नाही. आम्ही एवढेच विचारतो: अंगावरून जास्त जाण्याची तक्रार घेऊन आलेल्या बाईचे थायरॉइड तपासायला हवे, हे डॉक्टरला माहीत असते. मग यातल्या किती बायकांची टीएसएच तपासणी शस्त्रक्रियेआधी झाली? किती जणींच्या केसपेपरवर ती लिहिलेली सापडेल? काही शे रुपयांची तपासणी टाळून हजारोंची शस्त्रक्रिया होते, तेव्हा तो निष्काळजीपणा कुणाच्या फायद्याचा असतो, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

आणि पुढची पिढी? गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत पोटातल्या बाळाचा मेंदू आईच्या थायरॉक्सिनवर वाढतो. आईचा आजार न सापडल्यास गर्भपाताचा, वेळेआधी बाळंत होण्याचा धोका वाढतो. काही बाळे जन्मतःच हा आजार घेऊन येतात. टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या दोन-चार थेंबांत तो कळतो. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत औषध सुरू झाले तर मूल इतर मुलांसारखेच वाढते. उशीर झाला तर बुद्धीची वाढ कायमची खुंटते आणि मग शाळेत ते मूल ‘ढ’ ठरते. ज्या समाजाने शिक्षणासाठी इतक्या खस्ता खाल्ल्या, त्याच्या लेकराची पाटी जन्माच्या तिसऱ्या आठवड्यात कोरी राहावी, हे आपण सहन करायचे का?

आता आमच्या विरोधकांचे म्हणणे. ‘थायरॉइड ही हल्लीची फॅशन आहे. लॅबवाले पॅकेज विकतात, डॉक्टर जन्मभराची गोळी लावतात.’ यात काही तथ्य आहे, ते नाकारण्याची आम्हाला गरज नाही. सरसकट सगळ्यांच्या सगळ्या तपासण्या करा, असे आम्ही म्हणतच नाही. टीएसएच किंचित वाढलेले, म्हणजे ४ ते १० च्या दरम्यान असेल आणि फ्री टी-४ ठीक असेल, तर अनेकदा दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासून मगच निर्णय घेतला जातो. ते आपोआप खालीही येऊ शकते. गरोदर बाईचे निकष मात्र वेगळे आणि कडक असतात. म्हणजे जिथे पैसा आहे तिथे नको तितकी तपासणी आणि जिथे गरज आहे तिथे तपासणीच नाही, असा हा बाजार आहे. पहिल्याचा राग दुसऱ्यावर काढू नका. श्रीमंताला जास्त जेवण झाले म्हणून उपाशी माणसाचे ताट ओढून घेता येत नाही.

तेव्हा कार्यकर्त्यांनो, करायचे काय? आधी ऐकायला शिका. सतत थकवा, थंडी न सोसणे, वाढते वजन, बद्धकोष्ठ, कोरडी कातडी, घोगरा आवाज, सूज, पाळीच्या तक्रारी, उदासी यांपैकी तीन-चार गोष्टी एकत्र आणि महिनाभराहून जास्त टिकल्या असतील, तर दवाखान्यात जाऊन थेट म्हणा, ‘टीएसएच करायची आहे.’ गळ्याला सूज असेल, आई-मावशी-बहिणीला हा आजार असेल, वर्षभरात बाळंतपण झाले असेल, तर जरूर म्हणा. हा आजार पुरुषांनाही होतो, तेव्हा बाप्यांनीही लाजू नये. नुसत्या लक्षणांवरून निदान होत नाही. थकवा रक्त कमी असल्याने, साखरेने, क्षयानेही येतो. म्हणून हिमोग्लोबिन आणि साखरही पाहून घ्या. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर रक्त देण्याआधी सांगा, त्यांनी रिपोर्ट चुकू शकतो. टीएसएच वाढलेले आले तर फ्री टी-४ करून घ्या.

निदान झाले तर लिव्होथायरॉक्सिनची गोळी डॉक्टर ठरवतील तेवढ्याच मात्रेत, सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत. चहा अर्ध्या-एक तासाने. लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्यांमध्ये चार तासांचे अंतर. सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा टीएसएच, मग मात्रा ठरते. बरे वाटले म्हणून गोळी स्वतःच बंद करायची नाही आणि शेजारणीची गोळी उचलून घ्यायची नाही. दिवस राहिले तर लगेच डॉक्टरांना सांगायचे, कारण बहुतेक वेळा मात्रा वाढवावी लागते. आणि मोबाइलवर फिरणारे ‘थायरॉइड मुळापासून बरा’ करणारे काढे व चूर्ण? एकविसाव्या शतकातला तो अंगाराच आहे, फक्त पुडी चकचकीत आहे.

एवढ्याने भागणार नाही. एका बाईची तपासणी हे मदतकार्य झाले. गावातल्या प्रत्येक बाईला ती मिळणे हा हक्क आहे. १९२८ साली मुंबई विधिमंडळात बाळंतपणाच्या रजेचे विधेयक आले, तेव्हा बाबासाहेब त्याच्या बाजूने उभे राहिले. कामगार बाईच्या शरीराला मिळणारी विश्रांती राष्ट्राच्या हिताची आहे, असे त्यांचे म्हणणे होते. बाईचे शरीर हा तिच्या घरातला खासगी मामला नाही, तो राज्याच्या जबाबदारीचा विषय आहे, ही भूमिका त्यात आहे. संविधानाचे कलम ४७ सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानते. लिव्होथायरॉक्सिन देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी-उपचार मोफत केल्याचे सरकारनेच जाहीर केले आहे. मग खिडकीवरचा माणूस ‘बाहेरून करून आणा’ म्हणतो, ते कोणत्या आदेशाने?

हा प्रश्न तोंडी विचारून थांबू नका. ‘इथे होत नाही’ असे उत्तर आले तर ‘रक्ताचा नमुना कुठे पाठवता?’ असे विचारा. तेही होत नसेल तर लेखी मागा. माहिती अधिकार अधिनियम २००५ खाली अर्ज टाका: गेल्या वर्षभरात आपल्या ग्रामीण रुग्णालयात टीएसएचच्या किती तपासण्या झाल्या, लिव्होथायरॉक्सिनच्या किती गोळ्या आल्या, किती महिने साठा शून्य होता, किती नवजात बाळांची थायरॉइड तपासणी झाली. दहा रुपयांचा अर्ज आहे. उत्तर आले की ते रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत ठेवा. जयंतीला डीजेचा एक तास कमी करून त्या पैशात लक्षणे असलेल्या वस्तीतल्या बायकांच्या तपासण्या होतात; मंडळांनी हिशेब करून पाहावा. वसतिगृहात, अभ्यासिकेत, बचत गटात या लक्षणांचा कागद भिंतीवर लावा.

आणि उद्या तुमच्यासमोर कुणी थकलेल्या बाईला आळशी म्हणाले, तर तिथल्या तिथे विचारा, ‘टीएसएच किती आहे तिचं? बघितलंय का?’ उत्तर ‘नाही’ असेल, तर त्या माणसाला मत देण्याचा अधिकार नाही. आधी तपासणी, मग मत. विज्ञाननिष्ठा मिरवणाऱ्या चळवळीने निदान एवढा आग्रह तरी धरलाच पाहिजे.

जय भीम!